झाकण कोणी उघडायचे?

कोल्हापूर जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी सात स्त्रिया मिळून एक लहानशी बेकरी चालवतात. पाव, खारी आणि नानकटाई एवढे तीनच जिन्नस. रोजचा मैदा सुमारे चाळीस किलो. चार वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून पीठ मळण्याचे कोरे करकरीत यंत्र घेतले. चकचकीत पत्रा, दर्शनी बाजूस आकडे उजळणारी काच, बोट टेकवताच चालू होणारी बटणे. गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या आठवड्यात हे यंत्र बंद पडले. कंपनीचा माणूस तिसऱ्या आठवड्यात उगवला. त्याने झाकण उघडले, आतल्या कार्डाकडे अर्धा मिनिट पाहिले, झाकण लावले आणि कागदावर लिहून दिले की, नियंत्रक कार्ड जळाले आहे, हे मॉडेल बंद झाल्यामुळे ते कार्ड यापुढे मिळणार नाही, सबब यंत्र दुरुस्तीस योग्य नाही. कागदासोबत नव्या मॉडेलचे दरपत्रक होतेच.

सातजणींत वयाने वडील असलेल्या काकींनी विचारले, ‘‘मोटार तर चांगली हाय न्हवं? मग तिला साधं बटण जोडून द्या की!’’ यावर उत्तर मिळाले की, आतील जोडणीचा नकाशा ही कंपनीची गोपनीय बाब आहे आणि बाहेरच्या कोणी झाकण उघडल्यास कंपनीवर कसलीही जबाबदारी राहणार नाही. जबाबदारी तशीही कोठे राहिली होती? हमीची मुदत संपून तीन वर्षे लोटली होती. कर्जाचे मात्र अकरा हप्ते शिल्लक होते.

पुढचे पाच आठवडे त्या सात बायकांनी रोज चाळीस किलो मैदा हातांनी मळला. ज्यांना हाताच्या कामात केवळ संस्कृती दिसते, त्यांनी एकदा परातीपुढे बसून सहा किलोचा एक घाणा मळून पाहावा आणि असे सहा-सात घाणे संपले की आपल्या खांद्याला विचारावे. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. यंत्राने माणसाच्या सांध्यांचे ओझे हलके करावे हाच तर यंत्राचा धर्म. आमचे भांडण आहे ते यंत्राच्या झाकणाशी. ते कोणी उघडायचे आणि कोणाच्या परवानगीने उघडायचे, याच्याशी.

हे भांडण क्षुल्लक आहे असे मानणारे आपल्या चळवळीतही थोडे नाहीत. मोठ्या प्रश्नांच्या गर्दीत एका बेकरीतल्या मिक्सरचे काय घेऊन बसलात, असे ते म्हणतील. त्यांना एवढेच विचारायचे आहे की, पैसे मोजून घेतलेली, अंगणात उभी असलेली, जिच्यावर सात घरांची चूल पेटते अशी वस्तू दुरुस्त करायची की मोडीत काढायची याचा निर्णय जर शेकडो मैलांवर बसलेला विक्रेता करणार असेल, तर त्या वस्तूचा मालक कोण? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. राबायचे एकाने आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही रीत मोडण्यासाठी येथे १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला कायद्याने मालक मानले गेले. त्या कायद्यातून पळवाटा किती निघाल्या तो इतिहास वेगळा. पण ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व तरी मान्य झाले. आज यंत्राच्या बाबतीत नेमका उलटा प्रवास चालू आहे. कागदोपत्री यंत्र बाईच्या नावावर, हप्ते तिच्या माथ्यावर, वीजबिल तिचे. आणि आतल्या चार तारा कोठून कोठे जातात हे ज्ञान मात्र कंपनीच्या तिजोरीत. वार्षिक देखभाल करार म्हणून जो कागद पुढे केला जातो, तो नव्या जमान्याचा खंडच होय.

हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन मार्क्सवाद्याने १९७४ साली ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ या ग्रंथात दाखवून दिले की, भांडवलशाही कामातला विचार आणि कामातले श्रम यांची फारकत करते. ज्ञान वर खेचून घेते आणि हात खाली ठेवते. ब्रेव्हरमन स्वतः तांबटकाम शिकलेला कारागीर होता, म्हणून त्याला हे पुस्तकांच्या आधी हातांनी कळले असावे. त्याने लिहिले ते कारखान्याच्या आतले. आता ही फारकत कारखान्याचे फाटक ओलांडून गिऱ्हाइकाच्या घरात शिरली आहे.

प्रस्तुत लेखकाचे उभे आयुष्य कारखान्याच्या देखभाल विभागात गेले. त्यामुळे या बायका माझ्याकडे आल्या आणि त्यांच्यासाठी आम्ही एक जुने यंत्र उभे केले. ती हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण ‘दुरुस्ती’ हा शब्द उच्चारताच शहाण्यासुरत्या माणसांच्याही डोळ्यांपुढे तारेला तार पिळून चिकटपट्टी गुंडाळणारा माणूस येतो, आणि कंपन्यांना नेमके तेच हवे असते.

गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगचा किनारा आहे. १९८३ पासून तेथे जगभरची थकलेली जहाजे भरतीच्या पाण्यावर वाळूत चढवून तोडली जातात. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर ती तोडतात. त्यांच्या फुप्फुसांत काय काय जाते आणि त्यांतले किती जण धडधाकट घरी परततात, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जहाजाच्या पोटातले पलंग, पंखे, भांडी, भटारखान्यातली यंत्रे असे सारे सामान अलंगच्या रस्त्यावरील दुकानांत मांडले जाते. त्यांतल्याच एका दुकानातून, एका भंगार व्यापाऱ्याच्या ट्रकमधून, हॉबर्ट बनावटीचे वीस क्वार्टचे, म्हणजे सुमारे १९ लिटर भांड्याचे मिक्सर कोल्हापुरात येऊन पडले होते. किंमत ठरली ती वजनावर. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे, नव्वदेक किलोचे ते ओतीव लोखंडाचे धूड आत जिवंत आहे की मेलेले, याची व्यापाऱ्याला ना माहिती होती ना पर्वा.

या यंत्राचे कूळ सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या हॉबर्ट कंपनीत हर्बर्ट जॉन्स्टन नावाचा अभियंता होता. एका बेकरीवाल्याला हाताने कणीक कालवताना पाहून त्याला हे यंत्र सुचले असे सांगतात. १९१४ च्या सुमारास मोठ्या स्वयंपाकघरांसाठी पहिले यंत्र निघाले. भांडे स्थिर, आणि फेटणारा आकडा स्वतःभोवती एका दिशेने फिरत असतानाच भांड्याच्या कडेकडेने उलट दिशेने प्रदक्षिणा घालणारा, अशी त्याची गती. ग्रहाच्या गतीशी साम्य म्हणून याला प्लॅनेटरी मिक्सर म्हणतात. १९१७ पर्यंत अमेरिकेच्या आरमाराने आपल्या जहाजांवरील नेहमीच्या सामग्रीत त्याचा समावेश केला होता. घरगुती धाकटे भावंड १९१९ साली निघाले.

ही यंत्रे पन्नास-साठ वर्षे टिकली म्हणून त्या काळच्या कारखानदारांना संत ठरवण्याचे कारण नाही. नफा त्यांनाही हवाच होता. फरक होता गिऱ्हाइकाच्या ताकदीत. भर समुद्रात पाव भाजणाऱ्या आचाऱ्याला कंपनीच्या माणसाची वाट पाहत तीन आठवडे बसता येत नाही. यंत्र बोटीवरच्या माणसाला उघडता आले पाहिजे, सुटा भाग बोटीवरच बसवता आला पाहिजे, अशी आरमारासारख्या गिऱ्हाइकाची गरज असते. आणि ज्याच्याकडे एकगठ्ठा खरेदीची ताकद आहे त्याच्या गरजेला विक्रेत्याच्या लेखी आज्ञेचे मोल येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सात बायकांकडे आरमार नाही. टिकाऊपणाचे सारे रहस्य आमच्या मते एवढ्यातच आहे.

आता काम. यंत्राचे मागचे झाकण चार स्क्रूंचे होते. आतल्या तारांवरचे रबर आणि सुती वेष्टण हात लावताच पापुद्र्यांसारखे गळून पडले. अशी तार वरवर पाहून ‘चालतेय तोवर चालू द्या’ म्हणणे हे पाप आहे. यंत्रातली एकूण एक तार बदलली. मात्र काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी बांधली आणि वहीत आकृती काढली. त्या आकृतीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

मोटारीच्या पाटीवर होते : तीन फेज, २२०/४४० व्होल्ट, ६० सायकल, अर्धा अश्वशक्ती, मिनिटाला १७२५ फेरे. मेगर लावला तर काटा जवळजवळ शून्यावर. कोणत्याही घाईच्या दुकानात येथे निकाल लागला असता : वायंडिंग गेले, नवे भरा. आम्ही ज्या वडीलधाऱ्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी मोटार कानाशी धरून हाताने फिरवली, कॉइलांवर बोट फिरवून ते जिभेला लावले आणि म्हणाले, ‘‘मीठ हाय हे. समुद्राची हवा. जळलेली नाय ही, भिजलेली हाय.’’ त्यांनी ती स्वच्छ पाण्याने धुतली आणि दोन जुने शंभरचे दिवे लावलेल्या खोक्यात दोन दिवस सुकत ठेवली. तिसऱ्या दिवशी मेगरचा काटा वीस मेगओहमवर गेला. मग वॉर्निशचा एक हात. तांब्याची एक तारही बदलावी लागली नाही. काय बदलू नये हे ज्याला कळते तो खरा कारागीर, आणि असा कारागीर कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. कारण त्याच्या ज्ञानामुळे काहीच विकले जात नाही.

यानंतरची अडचण खरोखरीची होती. आपल्याकडे वीज ५० सायकलची. ६० सायकलच्या मोटारीला ती दिली की मोटार सहात पाच या प्रमाणात मंदावते. आणि दाबही त्याच प्रमाणात उतरवला नाही, तर तिच्या लोखंडातले चुंबकत्व वाजवीपेक्षा वाढून ती तापते. ४४० ला ६० ने भागले तर ७.३ येतात, आपल्या तीन फेजच्या ४१५ ला ५० ने भागले तर ८.३. म्हणजे सरळ जोडली असती तर मोटार चालली असती, पहिल्या दिवशी तर झकास चालली असती, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात भट्टीशेजारी एखाद्या दुपारी जळून गेली असती. शिवाय बेकरीत तीन फेजची जोडणी नाही. साधी २३० व्होल्टची आहे. तोडगा मोटारीतच होता. तिची नऊ टोके बाहेर काढलेली होती. ती समांतर जोडली की मोटार २२० व्होल्टची होते. मग बाजारात ज्याला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात ती छोटी पेटी बसवली. एका बाजूने घरगुती वीज आत घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने २२० व्होल्ट, ६० सायकल, तीन फेज बाहेर द्यायचे, एवढेच तिचे काम. सत्तर-ऐंशी वर्षांच्या मुशीतल्या त्या मोटारीला तिची जन्माची वीज कोल्हापुरात मिळाली.

येथे एखादा चाणाक्ष वाचक आम्हाला पकडील. ही ड्राइव्हची पेटी म्हणजे तरी काय? तीही बंद, तिच्यातही कार्ड, तीही एक दिवस जळणार! आक्षेप रास्त आहे. पण ती जळेल त्या दिवशी तिच्या जागी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची, त्याच ताकदीची पेटी आणून बसवता येईल. तारा त्याच आणि टोकेही तीच. मोटारीच्या बेअरिंगांचेही तसेच. त्यांवरचा क्रमांक वाचून दाखवला आणि बाजारात दहा मिनिटांत दोन बेअरिंगे मिळाली, कारण तो क्रमांक कोणा एकाच्या मालकीचा नाही. बायकांच्या बंद पडलेल्या यंत्रातील कार्डावरही क्रमांक होता. तो खरवडून पुसलेला होता. कोणा कामगाराला पगार देऊन, वेळ खर्चून, कारखान्यातच तो मुद्दाम खरवडला गेला असणार. या एका ओरखड्यात आजच्या बाजारव्यवस्थेची सारी नीती वाचता येते.

बाकीचे काम शिवाजी उद्यमनगरात झाले. गिअरपेटीतले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलने धुऊन काढले. एक गनमेटलचे बूश झिजले होते, ते लेथवर नवे उतरवून घेतले. भांड्यावर फिरणाऱ्या मुंडीचा जुना रंग सुटत होता. जुन्या रंगात शिसे असते आणि ते पावात पडायला नको, म्हणून तो ओला करून, तोंडाला फडके बांधून खरवडला. भांडे पोलादी पत्र्याचे, त्यावरचा कथलाचा मुलामा उडालेला. त्याला कल्हई लावायला कल्हईवाला शोधण्यात मात्र दोन दिवस गेले. एके काळी दर महिन्याला आळीत भाता मांडून बसणारा हा माणूस आता पत्ता काढत शोधावा लागतो. नवसागराचा तो धूर कैक वर्षांनी नाकात गेला तेव्हा काकींच्या डोळ्यांत पाणी आले. धुराने, असे त्या म्हणाल्या.

आता ज्या मुद्द्यावर कंपन्यांचे सारे घोडदळ उभे आहे त्याकडे वळू. तो मुद्दा म्हणजे सुरक्षितता. यंत्रात वीज आहे, फिरणारे लोखंड आहे. बाहेरच्या अडाणी हातांनी ते उघडले तर अपघात होईल, म्हणून झाकण आम्हीच उघडू, असे कंपन्या म्हणतात. मुद्दा खोटा नाही. मळणारा आकडा मनगट पकडतो तेव्हा तो थांबत नाही. अर्धा अश्वशक्तीची मोटार गिअरमधून मंदावली की तिचा पीळ माणसाचे हाड मोडायला पुरेसा असतो. म्हणूनच आम्ही त्या जुन्या यंत्रात तीन गोष्टी अशा घातल्या ज्या त्यात मुळात नव्हत्या. भांड्यावर तारेची जाळी बसवली. जाळी उचलताच एक छोटे बटण सुटते आणि मोटार थांबते. दुसरी गोष्ट वीज जाण्याची. जुन्या साध्या खटक्याचे यंत्र वीज गेली की थांबते आणि वीज आली की आपोआप सुरू होते. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल ते कोण सांगणार? भांड्यात हात घालून कणीक सोडवत असलेल्या बाईला तर मुळीच सांगता येणार नाही. म्हणून आता यंत्राच्या बटणांतून मोटारीचा प्रवाह जातच नाही. ती बटणे केवळ ड्राइव्हला आज्ञा देतात, आणि वीज परत आल्यावर कोणी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय काहीही हलत नाही. तिसरी गोष्ट अर्थिंग. जहाजावर यंत्राचा सांगाडा जहाजाच्या पोलादाशी जखडलेला असतो. जमिनीवर तो मातीशी जखडावा लागतो. बेकरीमागच्या परसात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून पट्टी पुरली आणि तेथून तार थेट यंत्राच्या अंगाला आणली.

हे सारे शक्य झाले, कारण आम्हाला यंत्राचे अंतरंग ठाऊक होते. नकाशा लपवून अपघात टळत नाहीत. नकाशा लपवल्यामुळेच दुरुस्त करणारा अंधारात चाचपडतो आणि सुरक्षेचा खटका नेमका कोणता हे न कळल्याने तो टाळून तार पुढे जोडतो. ज्यांनी दिवा विझवला त्यांनीच ठेच लागल्याबद्दल उपदेश करावा, ही चोराच्या उलट्या बोंबा मारण्याचीच तऱ्हा झाली.

पण हा आरसा आपल्याकडेही फिरवला पाहिजे. दुरुस्तीच्या धंद्यात पाणी मुरते आहे हे आम्ही नाकारत नाही. तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियमची तार भरणारी दुकाने आहेत. जुने वायंडिंग काढण्यासाठी मोटारीचे कवच उघड्या आगीत टाकले जाते. त्याने आतले पातळ लोखंडी पत्रे बिघडतात, मोटार जन्मभर जास्त वीज खाते, आणि तो काळा धूर पोटासाठी आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मदतनीस पोरगा गिळतो. अर्थिंगची तार न्यूट्रललाच बांधून ‘झाले काम’ म्हणणारे वायरमन आहेत. जाळी काढून कोपऱ्यात टाकणारे छोटे मालक तर गल्लोगल्ली आहेत. घाण्यामागे दोन मिनिटे वाचतात म्हणून. या सगळ्याला ‘जुगाड’ असे लाडके नाव देऊन त्याचे कौतुक करण्याची जी टूम निघाली आहे, ती श्रमिकांच्या जिवाशी खेळ आहे. आम्ही दुरुस्तीचा हक्क मागतो तेव्हा या बेफिकिरीला माफी मागत नाही.

आणि येथेच कायद्याचे घोडे पेंड खाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २१ वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घाला असे सांगत होते. पण तो कायदा लागू होई विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून पुढे. २०२० साली संसदेने जी सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता मंजूर केली तिने ही मर्यादा वीसवर नेली. सात बायकांची बेकरी तेव्हाही बाहेर होती, आता आणखी दूर गेली. म्हणजे मनगट तुटले तर पाहायला निरीक्षक नाही. आणि यंत्र तुटले तर कंपनीला जाब विचारायला कायदा नाही.

सरकारने दुरुस्तीच्या हक्काबाबत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एक समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळही उघडले. समितीपुढे विषय होते चार : शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. युरोपीय संघाने १३ जून २०२४ रोजी दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला, तोही मुख्यतः घरगुती ग्राहकासाठीच. यादी वाचताना लक्षात येते ते असे : ज्या यंत्राने मध्यमवर्गीय घरात कपडे धुतले जातात त्याला हक्क आहे, ज्या यंत्रावर पोट भरले जाते त्याला नाही. गिरणी, मसाला कांडप, शेवयांचे यंत्र, पीठ मळणारा मिक्सर, शिलाईच्या कारखान्यातले ओव्हरलॉक, यांची मालकीण ना शेतकरी, ना पुरती ग्राहक, ना कामगार. वस्तुतः २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणाऱ्याला ग्राहक मानले आहे. दार तेवढे किलकिले आहे. ते ढकलून उघडायचे काम आपले. दुरुस्तीच्या यादीत उपजीविकेच्या यंत्रांचा पाचवा विषय घाला आणि जोडणीच्या नकाशाविना, सुट्या भागांच्या दरपत्रकाविना असे यंत्र विकण्यास बंदी करा, अशी मागणी महिला गटांनी, ग्रामपंचायतींनी ठराव करून दिल्लीकडे धाडली पाहिजे. तो नकाशा मराठीत असला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

पैशाची बाजूही पाहू. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी कर्ज मिळेल का, म्हणून बायका एका बँकेत गेल्या. तेथे सांगण्यात आले की, कोटेशन नव्या यंत्राचेच हवे. म्हणजे एक कर्ज फिटण्याआधी दुसरे घ्या, पहिले यंत्र भंगारात घाला, आणि अनुदान बाईच्या नावावर निघून अखेर विक्रेत्याच्या गल्ल्यात जमा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण बेकरीला याहून चपखल कोठे लागू पडणार? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री आणि वायरमन घडवले जातात. त्यांच्या निदेशकाने तपासून दाखला दिलेले दुरुस्त यंत्र बँकेला तारण म्हणून का चालू नये?

नवे यंत्र घेतल्याने कारखान्यात रोजगार वाढतो, असे अर्थशास्त्री सांगतात. आमचा हिशेब साधा आहे. अलंगचे यंत्र, ड्राइव्ह, तारा, बेअरिंगे आणि सगळी मजुरी धरून जो खर्च आला, तो नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होता. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा वायंडिंगवाला, लेथवाला, जाळी करणारा आणि कल्हईवाला यांच्या हाती मजुरी म्हणून पडला. डॉ. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत, तेव्हा त्यांची टिंगल होई. लहान यंत्र म्हणजे मागासलेले यंत्र, असा तो गैरसमज. गावच्या माणसाला चालवता येते, उघडता येते, पुन्हा जुळवता येते, ते लहान यंत्र. मग त्याचे वजन नव्वद किलो का असेना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्या हॉबर्टवर पहिला घाणा निघाला. यंत्र चालू असताना गिअर बदलायचा नाही, आधी थांबवायचे आणि मग दांडा सरकवायचा, एवढा एकच नियम बायकांना नव्याने शिकावा लागला. आम्ही वहीत काढलेली जोडणीची आकृती काकींच्या नातीने, ती अकरावीत आहे, मोठ्या कागदावर मराठीत उतरवली. कोणती तार कोठून कोठे, कोणत्या रंगाची, काय करण्यापूर्वी वीज तोडायची, सगळे. प्लास्टिकच्या आवरणात घालून तो कागद मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवला आहे. झाकण अजूनही चार स्क्रूंचेच आहे आणि पेचकस शेजारच्या खिळ्याला टांगला आहे.

बंद पडलेले नवे यंत्र कोपऱ्यात पोत्याखाली उभे आहे. त्याची मोटार आम्ही तपासली. ती निर्दोष आहे. जोडणीचा नकाशा द्यावा, अशी मागणी करणारे पत्र कंपनीला रजिस्टर डाकेने पाठवले, पोचपावती परत आली, उत्तर आले नाही. कर्जाचे चार हप्ते अजून द्यायचे आहेत.